ताज्या मातीचे पाच गुण

महामाया इंगळे यांनी घरून आणलेली निळी प्लास्टिकची खुर्ची काँक्रीट फवारणाऱ्या नळीच्या बरोबर तोंडासमोर मांडली, पदर खोचला आणि बसल्या. नळी धरलेल्या कामगारानं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्यामागच्या कातळाकडे पाहिलं, आणि मग मशीनवरच्या माणसाला हातानं खूण केली. मशीन थांबलं. घाटात एकदम शांत झालं, आणि खालून मोताळ्याकडून चढणाऱ्या एसटीची घरघर ऐकू यायला लागली.

"मॅडम, बाजूले सरका ना. अंगावर उडन."

"उडू दे."

"अवो, सिमेट हाय ते. लुगडं खराब होईन तुमचं."

"होऊ दे. आज पाहणी आहे अन् तुमी सकाळीच काम चालू करून राह्यले? पत्र भेटलं नाही तुमच्या साहेबाले? का भेटलं अन् त्यानं त्याच्यात भजे बांधून खाल्ले?"

कामगार हसला आणि बाईंचा चेहरा पाहून लगेच हसायचा थांबला. बाई वर्गात पुस्तकातली मराठी बोलत; रागावल्या की धामणगाव बढेची, आईची भाषा तोंडात येई, आणि गेले दोन महिने ती भाषा फारशी गेलीच नव्हती. त्यांचा राग तसा तालुक्यात नावाजलेला होता. एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं पृथ्वीगोल उलटा ठेवला, तर बाईंनी त्याला चहा विचारला नव्हता.

रस्त्याच्या कठड्यावर बारावीची तीसेक पोरंपोरी बसली होती. हातात पुठ्ठे होते. 'आमचा वर्ग झाकू नका', असं रेवतीनं लाल खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. सह्या गोळा करण्यातही रेवतीच पुढे होती. चारशे बारा सह्या. मोताळ्याच्या आठवडी बाजारात उभं राहून, गावोगाव दारं ठोठावून पोरींनी त्या आणल्या, बाईंनी अर्ज लिहिला, आणि वरून पत्र आलं: अर्जदार व अभियंता यांनी संयुक्त पाहणी करून अभिप्राय द्यावा. तोवर काम थांबवावे, हेही त्यात होतं. पण कागदावरचं थांबणं आणि घाटातलं थांबणं यांत नेहमीच दोन-चार दिवसांचं अंतर असतं, म्हणून बाई खुर्ची घेऊन आल्या होत्या.

हे वळण म्हणजे अठ्ठावीस वर्षांचा त्यांचा भूगोलाचा वर्ग. रस्ता काढताना कोणी तरी, कधी तरी डोंगर उभा चिरला होता, आणि आतलं सगळं उघडं पडलं होतं. खाली कमरेएवढा काळा कठीण थर. त्यावर छातीच्या उंचीला वीतभर जाडीचा तांबडा पट्टा. त्याच्यावर तीन पुरुष उंच काळा पाषाण. दर डिसेंबरात बाई बारावीच्या पोरांना इथे आणत आणि रस्त्याच्या पलीकडे, कठड्यापाशी ओळीनं उभं करत. डोंगर वर उचलला गेला असं पुस्तकात वाचलं असेल तर या डोंगरापुरतं विसरा, असं त्या सांगत. हा वर आलेला नाही, हा साचलाय. जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा पसरला, गार झाला. मग कित्येक वर्षं काही नाही. नुसता पाऊस, वारा, माती. मग पुन्हा लाव्हा, त्या मातीला विटेसारखी भाजत. तो तांबडा पट्टा म्हणजे डोंगराची मधली सुट्टी.

इथून त्या पोरांना मंगळावर नेत. तिथेही हाच उद्योग झाला, पण तिथली जमीन आपल्यासारखी सरकत नाही. त्यामुळे लाव्हा त्याच जागी येत राहिला, साचत राहिला, आणि अख्ख्या भारतापेक्षा मोठा उंचवटा झाला. इतका जड की त्याच्या कडेची जमीन खचली. चंद्रावर उलटं. तिथे लाव्हा खड्ड्यांत जाऊन बसला, ते आपल्याला दिसतात ते काळे डाग. उंच राहिली ती चंद्र गार होताना वर तरंगलेली पहिली, हलकी साय. शुक्रावरच्या एका पठाराला लक्ष्मीचं नाव दिलंय म्हटलं की पोरी हसत. आणि मग दरवर्षी कोणी तरी विचारी, की वरचा दगड एवढा कठीण आहे तर तो कोसळतो कसा. बाई त्या प्रश्नाची वाटच पाहत असत. "वरचा किती कठीण ते विचारू नका," त्या म्हणत, "त्याच्या खाली काय आहे ते विचारा."

ऑगस्टमध्ये तो कोसळला. पलंगाएवढा एक दगड वळणावर उतरला, आणि खाली बसून भुट्टे भाजणाऱ्या पंचफुला गवईच्या उजव्या पायावर आला. पाय वाचला, म्हणजे अंगाला राहिला. त्यात लोखंडी सळया होत्या. बाई दवाखान्यात जाऊन तिला भेटूनही आल्या, सफरचंदं देऊन आल्या. पण महिनाभरानं बांधकाम खात्यानं अख्ख्या वळणाला जाळी ठोकून वर काँक्रीट फवारायचं ठरवलं, तेव्हा बाईंचं डोकं फिरलं. एक दगड पडला म्हणून डोंगर पुसायचा? मग उद्या कोणी पाय घसरून पडलं तर जमीन पुसा! हे वाक्य त्यांनी शिक्षकांच्या खोलीत, बाजारात आणि स्थानिक पेपरच्या वार्ताहरापुढे, प्रत्येक ठिकाणी म्हटलं होतं.

दहाच्या सुमारास एक पांढरी गाडी वळणावर थांबली. नारिंगी जाकीट घातलेला तिशीतला माणूस उतरला, सरळ बाईंपाशी आला आणि वाकला.

"जय भीम मॅडम. मी संघपाल. संघपाल वानखडे. दोन हजार नऊची बॅच."

बाईंनी चष्मा नाकावर सरकवून त्याला पाहिलं. तिसऱ्या बाकावरचा, नखं खाणारा. आनंद व्हायला हवा होता; राग दुप्पट झाला.

"तू? हे तू करून राह्यला?"

"मीच आहे इथला इंजिनिअर."

"परक्यानं केलं असतं तर म्हटलं असतं, त्याले काय समजते. तू तर इथं उभा राहून शिकला ना बे! आपलेच दात अन् आपलेच ओठ!"

"हेल्मेट घाला मॅडम. मग भांडू."

"अठ्ठावीस वर्षं बिनाहेल्मेटची उभी आहे मी."

"म्हणूनच घाला," संघपाल म्हणाला, आणि हेल्मेट धरून उभाच राहिला. पोरं पाहत होती. शेवटी बाईंनी ते अंबाड्यावर कसंबसं बसवलं.

ते दोघं जाळीखालून कातळापाशी गेले. दगड जिथून निसटला होता तिथे वर ताजी, निळसर काळी जखम दिसत होती, आणि तिच्या खाली तांबड्या पट्ट्यात एक लांबट खोबण होती. बारा-एक फूट लांब, वीतभर उंच. बाईंनी ती पाहिली आणि त्यांचा आवाज थोडा सावरला. विषय आपला असला की त्यांना बळ येई.

"हे बघ. हेच तर झाकताय तुम्ही. मऊ थर झिजतो, वरचा दगड लटकतो, लटकून पडतो. पठारं अशीच झिजतात, पायऱ्यापायऱ्यांनी. हे पोरांना फळ्यावर दाखवू मी?"

"अर्जात लिहिलंय तुम्ही. वाचला मी. वर्षाला अर्धा इंच झीज."

"मोजलेलं आहे. हवेत नाही लिहिलं."

"ते मला माहीत आहे मॅडम. तुम्ही पट्टी लावून मोजायच्या, आम्ही बघायचो." संघपालनं खिशातून टेप काढला. "म्हणूनच एक दाखवायचंय. वळणाच्या पलीकडे चला."

पलीकडे पन्नास-साठ पावलांवर तोच तांबडा पट्टा होता, तेवढ्याच उंचीला, तेवढाच जाड. वर तोच काळा पाषाण. संघपालनं टेपचं टोक पट्ट्यात घातलं आणि बाईंना वाचायला सांगितलं. आतली झीज सव्वा इंच.

"अजून पुढे दोन ठिकाणी मोजलं. कुठेच दोन इंचाच्या वर नाही. तिथे एक फूट."

"ऊन वेगळं असेल. तिथं पाणी जास्त उतरत असेल वरून."

"वर चढून पाहिलं मी. पाणी उलट इकडे जास्त उतरतं. पावसाळ्यात इथे धबधबा असतो."

"मग तू म्हणतोस काय?"

तो टेप गुंडाळत राहिला. त्या गप्प राहण्याचा बाईंना फार राग आला. विद्यार्थी उत्तर येत नसलं की गप्प राहतात, आणि उत्तर येत असून शिक्षकाची लाज राखायची असली की अगदी तसेच गप्प राहतात. अठ्ठावीस वर्षांत हा फरक त्यांना चांगला कळायला लागला होता.

"थांब," त्या म्हणाल्या. "तुझ्या एका दिवसाच्या मोजण्याला माझी वही पुरे आहे."

त्यांनी पिशवीतून तपकिरी पुठ्ठ्याची वही काढली. पहिल्या पानावर डिसेंबर शहाण्णव. दरवर्षी एक ओळ: तारीख, त्या वर्षीचा पाऊस, खोबणीची खोली. या वहीच्या जोरावर त्यांनी शिक्षक मेळाव्यात निबंध वाचला होता. पोरांना त्या दरवर्षी सांगत, बघा, तुमच्या डोळ्यांदेखत पठार झिजतंय, निसर्ग असा काम करतो, गाजावाजा न करता.

"ऐक. दोन हजार नऊ, तुमचं वर्ष, साडेसहा इंच. पंधराला नऊ. सतराला दहा. अठराला साडेदहा. एकोणीसला अकरा. विसाला अकरा." बाईंनी पान जवळ घेतलं. "एकविसाला..."

एकविसाच्या ओळीत अकरा लिहिलेलं होतं. पुढे कंसात, त्यांच्याच बारीक अक्षरात: पुन्हा मोजले, अकराच. आणि पावसाच्या रकान्यात: भरपूर, सरासरीच्या कितीतरी वर. बावीसला साडेअकरा. तेविसाला बारा.

वरून एक ट्रक हॉर्न देत उतरला. संघपालनं बाईंना हातानं थोडं मागे घेतलं. त्या मागे झाल्या, पण नजर वहीतच राहिली.

ती दोन वर्षं कोरोनाची. शाळा बंद होत्या. सहल नव्हती. बाई एकट्याच स्कूटीवर येऊन मोजून गेल्या होत्या, तोंडाला रुमाल बांधून, कारण एक वर्षही वही रिकामी राहू द्यायची नव्हती. एवढा पाऊस पडला, आणि डोंगर सुतभरही झिजला नाही. तेव्हा त्यांना वाटलं होतं, पट्टीच चुकली.

"पाच गुण होते," संघपाल हळू म्हणाला.

बाईंनी वर पाहिलं नाही.

"मूठभर माती आणायची, जर्नलमध्ये डिंकानं चिकटवायची. पाच गुण. मला दोनच दिले होते तुम्ही. वरची वाळकी माती आणली म्हणून. म्हणाल्या, नमुना ताजा पाहिजे, आतला पाहिजे, वरच्याला हवा लागलेली असते. दुसऱ्या दिवशी सायकल हाणत परत आलो मी मॅडम. मनगटाच्या वर हात घालून खरडली. मग पाचपैकी पाच."

नमुना ताजाच घ्यायचा असतो. तरुणपणी एका शिबिरात त्या हे शिकल्या होत्या आणि पोरांच्या हाडात उतरेपर्यंत त्यांनी ते शिकवलं होतं. दरवर्षी ऐंशी-नव्वद पोरं. प्रत्येकाची एक मूठ. प्रत्येकाला आधीच्यापेक्षा आत हात घालावा लागलेला. आणि त्या स्वतः रस्त्याच्या अलीकडे शिट्टी वाजवून गाड्या थांबवत उभ्या, आणि पोरं हात झटकत परत आली की पट्टी घेऊन जाऊन निसर्गाचं काम मोजणाऱ्या! पहिल्या इयत्तेतल्या पोरानं पेन्सिलीला टोक काढावं आणि पेन्सिल आपोआप लहान होते म्हणावं, तसली ही अक्कल. बाईंना स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. स्वतःवर एवढा राग त्यांना आयुष्यात आला नव्हता, आणि तो करायचा कसा हे ठाऊक नसल्यामुळे तो समोरच्यावर निघाला.

"तुले माहीत होतं? कवापासून?"

"दगड पडला त्या दिवशी. खोबण पाहिली नि माझा हात आपोआप आत गेला. बरोब्बर बसला."

"मग रिपोर्टात काय लिहिलं?"

"नैसर्गिक झीज."

"खोटं लिहिलं?"

"अर्धं खरं आहे. खोबण झाली, मग आत पाणी मुरायला लागलं, भेग वाढली. ते निसर्गानंच केलं."

"अन् पहिलं अर्धं कोण लिहिणार? तुहा बाप?"

"मॅडम, दोन वर्षांत रिटायर होताय तुम्ही," संघपाल म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "तुमच्यामुळे मी इंजिनिअर झालो. या वळणावर उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं, की आपल्याला हे सगळं कळू शकतं. कुठे नाव लिहू तुमचं? पोलिसांच्या कागदावर? काँक्रीट ही कातळाची भिंत धरून ठेवायलाच आहे, ती खोबण भरावीच लागेल, नाहीतर बाजूचा दगडही येणार. पण एकदा झाकलं की विषय संपतो. कोणी विचारणार नाही. आणि तुम्ही चारशे सह्या आणता, भिंत उघडी ठेवा म्हणता! उघडी ठेवली तर उद्या दुसरा कोणी हुशार माणूस येऊन टेप लावेल."

मशीनवरची माणसं लांबून त्यांच्याकडे पाहत बिड्या ओढत होती. कठड्यावरची पोरं घोषणा द्यायची की नाही याचा अंदाज घेत होती.

"एक मूठ माझीही आहे त्याच्यात," संघपाल पुढे म्हणाला. "दोन मुठी. पहिली वरची धरली तर."

"तुह्या मुठी मी सांगितल्या होत्या," बाई म्हणाल्या. "कागद आण."

त्यानं गाडीतून फाइल आणली. संयुक्त पाहणीच्या अभिप्रायाचा कागद छापील होता. 'घटनेचे संभाव्य कारण' यापुढे चार ओळींची जागा. संघपालनं पेन पुढे केलं आणि मग थोडं मागे घेतलं.

"निदान पाण्याचंही लिहा."

"दुसऱ्या वाक्यात लिहीन."

अलीकडे येऊन खुर्चीवर बसून, मांडीवर फाइल ठेवून त्यांनी सावकाश, फळ्यावर लिहावं तसं लिहिलं. तांबड्या थरातली माती १९९६ पासून दरवर्षी सहलीच्या विद्यार्थ्यांनी माझ्या सांगण्यावरून खरडून काढली, त्यामुळे वरच्या दगडाचा आधार गेला. पुढे पावसाचे पाणी मुरून भेग वाढली. काम ताबडतोब पूर्ण करावे. माझी वही सोबत जोडली आहे. खाली सही केली, हुद्दा लिहिला, तारीख घातली. वही एकदा उघडून मिटली. मग ती त्यांनी फाइलमध्ये घातली आणि नाडी बांधली.

"माझा अर्ज मागे घेते असं लिहून घे. त्याची प्रत आहे ना यात?"

"आहे." तो घुटमळला. "तिसऱ्या पानावरच्या सह्या तुम्ही वाचल्यात का?"

त्यांनी एकही सही वाचली नव्हती. आकडा वाचला होता. फाइलची नाडी पुन्हा सोडून त्यांनी तिसरं पान काढलं. खालून पाचव्या ओळीत, साक्षरता वर्गात गिरवलेल्या मोठ्या, उभ्या अक्षरांत लिहिलं होतं: पंचफुला इंद्रभान गवई.

बाई उठल्या. खुर्ची कलंडली. कठड्यापाशी जाऊन त्यांनी पान रेवतीसमोर धरलं.

"ही सही कोणी घेतली?"

"मी, मॅडम." रेवती उभी राहिली. "गावात सगळ्यांच्या घेतल्या ना, तेव्हा."

"तिच्या पायावर पडला तो दगड, तुले माहीत नव्हतं?"

"होतं. म्हणून मी तिथून जाऊन राह्यले होते पुढं. त्याच म्हणाल्या, कायचं हाय वं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मॅडमचं काम हाय ना, मंग आन इकडं."

रेवतीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. आपल्याला रागावतायत असं तिला वाटलं. बाईंनी तिच्या हातातला पुठ्ठा काढून घेतला, उलटा करून कठड्याला टेकवला आणि सगळ्यांना टेंपोत बसायला सांगितलं. का ते सांगितलं नाही. उद्या वर्गात सांगीन, एवढंच म्हणाल्या.

मागे मशीन सुरू झालं.

पंचफुलाचं घर घाटाच्या पायथ्याच्या गावात, विहाराच्या मागच्या गल्लीत होतं. अंगणात बाजेवर ती बसली होती, पाय उशीवर लांब केलेला, सळया पायातून बाहेर आलेल्या. मांडीवर परात घेऊन ती तुरीच्या शेंगा सोलत होती. बाईंची स्कूटी पाहून तिनं परात बाजूला केली.

"जय भीम मॅडम! या, बसा. पोरी, पानी आन वं!" आणि मग, "काय म्हनते तुमचं काम? थांबवलं का नाई त्याइनं?"

बाई बसल्या नाहीत. पाण्याचा तांब्या आला तो हातात धरून त्या उभ्याच राहिल्या, आणि त्यांनी सांगितलं. घाटातून उतरताना त्यांनी वाक्यं जुळवली होती, ती एकही आठवली नाही. माती, मूठ, पाच गुण, खोबण, अठ्ठावीस वर्षं. दगड आपल्यामुळे पडला. तुझा पाय आपल्यामुळे गेला. प्रमाण भाषेत सुरुवात केली होती, शेवटी भाषा कुठली होती हे त्यांनाही कळलं नाही.

पंचफुला ऐकत होती. अधूनमधून मान हलवत होती. मग तिला हसू आलं.

"ते खोबन होय? त्याच्यात तर मी तिखट-मिठाचा डबा ठेवत होती. अन् निंबू. अशी फळीवानी होती ना ते. मी म्हनो, बरं केलं बापा कोन्तरी."

"हसू नको पंचफुले. शिव्या दे मला."

"काऊन देऊ शिव्या? तुमी काई मुद्दाम केलं का? लेकराइनं माती नेली. दरसाली नेत. माह्याच विळा मागून खरडे त्याइतले काही. मी देत होती." तिनं एक शेंग उचलली, सोलली, दाणे परातीत टाकले. दुसरी उचलली आणि तशीच हातात धरली. "मॅडम, एक इचारू?"

"विचार."

"ते तांबडी माती कच्ची असते, हे तुमाले तवा ठाऊक होतं?"

"होतं."

"अन् तिच्या वरचा गोटा खाली येते, हे?"

"तेही होतं. पहिल्यापासून. दरवर्षी पोरांना तेच तर शिकवत होते."

"हाव, तुमी रस्त्याच्या तिकडून बोलत. आवाज येत होता मले, पन गाड्याइच्या आवाजात काई समजे नाई." पंचफुलानं पायाखालची उशी दोन्ही हातांनी नीट केली. "सहल झाली की तुमी माह्याजवळ येत. भुट्टा घेत. बसत. माह्या पोरीच्या शाळेचं इचारत. किती साल झाले?"

"पुष्कळ."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कारण हवं होतं, आणि हातातली शेंग तशीच धरून ती बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिली.